अब्बांच्या पिकअपचे पाटे

अब्बांच्या इंतिकालानंतर त्यांची जुनी जीप पिकअप दोन पावसाळे अंगणात उभी होती. शेवटी आम्ही भावंडांनी ती विकायचे ठरवले. शेजारच्या गावातला एक भाजीवाला येऊन पाहून गेला, त्याला गाडी पसंत पडली. फक्त मागची डावी बाजू खाली बसली होती. मिस्त्रींनी खाली शिरून पाहिले आणि म्हणाले, "सर, मेन पाटा मोडलाय. गाडी खालच्या पाट्यांवर टेकून उभी आहे."

धाकट्या भावाने सोपा उपाय काढला. वेल्डिंग मारू, काळा रंग देऊ, गाडी देऊन टाकू. मिस्त्रींनी मान हलवली. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेले असते, म्हणून तो दबतो आणि पुन्हा उठतो. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते. वरून जोड पक्का दिसतो, पण पाटा त्याच्या शेजारीच पुन्हा मोडतो. मागचा एक्सल जागेवर धरण्याचे काम मेन पाट्याचे असते. भरल्या गाडीत घाटात तो मोडला तर काय होईल, हे मिस्त्रींना सांगावे लागले नाही.

अम्मी दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "या गाडीच्या पैशात माझा आठवा हिस्सा आहे. तो मला साफ हवा."

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. ती हदीस आता आमच्याच अंगणात उभी होती.

मग शोध सुरू झाला. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे अनेक वर्षे या गाड्यांची मूळ घडण फारशी बदलली नाही, त्यामुळे जीपचे सामान अजून मिळते. पण "जीपचा पाटा द्या" एवढे सांगून भागत नाही. मिस्त्रींनी वहीत मापे लिहून दिली: मेन पाट्याच्या एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतची लांबी, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, पाट्यांची संख्या, कमानीची उंची, बुशचे माप आणि सेंटर बोल्टचे भोक कुठे आहे ते. हे भोक नेहमी बरोबर मध्यावर असतेच असे नाही. ते चुकले तर चाक पुढे-मागे बसते.

पहिल्याच दुकानात 'नवाकोरा' पाटा समोर आला. मिस्त्रींनी खिळ्याने रंग खरवडला, तर खाली गंजाचे खड्डे. दुकानदार हसून म्हणाला, "चालतं हो, कोण बघतंय?" धाकटा भाऊ सोबत होता. तो काही बोलला नाही, पण त्याचे तोंड उतरले.

कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात एका वयस्कर चाचांनी आधी वही वाचली. मग विचारले, "शॅकलचे आटे उलटे की सुलटे?" जुन्या जीपच्या काही शॅकलचे आटे उलटे असतात, हे आम्हाला तिथे कळले. त्यांनी एक जुना पाटा काढला. त्यावर रॉकेल फिरवले, कोरडा पुसला आणि खडू घासला. थोड्या वेळाने भोकाजवळ केसासारखी ओली रेघ उमटली. पाटा बाजूला ठेवत ते म्हणाले, "बेटा, याला तडा आहे. हा भंगारात जाईल, तुमच्या गाडीत नाही." आलेले गिऱ्हाईक त्यांनी स्वतःच पाटे बनवणाऱ्याकडे पाठवले.

तिथे मापाप्रमाणे दोन मेन पाटे करून घेतले. एकच बाजू बदलली तर गाडी कलते, म्हणून पाटे जोडीनेच बदलावेत. यू-बोल्ट आणि बुशही नवे घातले. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा भरवशाचा राहत नाही. काहीशे किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळायचे, हे मिस्त्रींनी बजावून सांगितले.

भाजीवाला आला तेव्हा मोडका पाटा आम्ही अंगणातच ठेवला होता. काय मोडले होते, काय बदलले आणि काय जुनेच आहे, हे सगळे धाकट्या भावानेच त्याला सांगितले. ब्रेकच्या जुन्या पायपांचाही उल्लेख केला. भाजीवाल्याने लगेच दोन हजार कमी केले. आम्ही कबूल केले.

पैशांची वाटणी झाली. अम्मींनी आपला हिस्सा हातात घेतला, बिस्मिल्लाह म्हणून रुमालात बांधला आणि भावाला म्हणाल्या, "आता जेवायला बस."