धुराचे दप्तर

हवेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली म्हणजे आपले लक्ष दिल्लीच्या काजळलेल्या आकाशाकडे किंवा फार तर चंद्रपूरच्या कोळशाकडे जाते. बिरबलनाथ महाराजांचे मंदिर आणि दादा हयात कलंदर यांचा दर्गा ज्याची ओळख सांगतात, ते वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर त्या चर्चेत सहसा येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आरंभिला, तेव्हा वऱ्हाडातून अकोला व अमरावती यांचा समावेश झाला. पण मुळात शहरांसाठी योजलेल्या त्या कार्यक्रमाच्या दप्तरात खेड्यातील धुराची नोंद होण्याचे कारणच नव्हते.

हा धूर समजून घ्यावयाचा तर पिकांचा इतिहास पाहिला पाहिजे. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली गेला आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढताच येथील काळी जमीन नगदी पिकाकडे वळली. तरीही ज्वारी होती तोवर माणसाला भाकर आणि गुरांना कडबा मिळे, आणि पऱ्हाटी चुलीच्या कामी येई. गेल्या काही दशकांत सोयाबीन आले, ज्वारी मागे हटली, गोठे रिकामे झाले. शेतातून निघणाऱ्या काडीकचऱ्याला पूर्वीचा धनी उरला नाही.

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची गंजी मळणीयंत्रात जाऊ लागली की यंत्राच्या एका तोंडातून दाणा पडतो आणि दुसऱ्यातून कुटाराचा फवारा उडतो. दुपट्ट्याने नाक-तोंड बांधून पेंढ्या आत लोटणाऱ्या मजुराच्या भुवया, पापण्या आणि कानांच्या पाळ्या तासाभरातच पिवळट होतात. पुढे कापसाचा हंगाम संपला की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर रचले जातात. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीच्या प्रादुर्भावानंतर कृषी विभागाने फरदड न घेता, म्हणजे हंगामानंतरही तेच पीक राखून न ठेवता, पऱ्हाट्यांची लवकर विल्हेवाट लावण्याचा आग्रह धरला, आणि तो रास्तच होता. पण कुट्टीयंत्र नाही, मजुरी परवडत नाही, अशा शेतकऱ्याच्या हाती सर्वांत स्वस्त अवजार उरते ते काडीपेटीचे.

१९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याचे एकोणिसावे कलम, प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात एखादा पदार्थ जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार राज्य सरकारला देते, परंतु त्यातून इंधन वगळते. म्हणजे तीच पऱ्हाटी धुऱ्यावर पेटली तर मनाईस पात्र आणि चुलीत पेटली तर मोकळी! फुप्फुसाला हा भेद ठाऊक नाही. संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धूर मोजून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा स्वयंपाकघर हेही प्रदूषणाचे ठिकाण असल्याचे जगाच्या ध्यानी येऊ लागले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर नेला. पण टाकी पुन्हा भरण्याचा खर्च झेपेना की चूल पुन्हा पेटते. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत असावे, असे आपले २००९ चे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२१ साली स्वतःची मर्यादा ५ वर आणली.

केवळ दंडाच्या धाकाने हा धूर थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी सिद्ध केली आणि २००२ साली तिला ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्या प्रयोगाचे मर्म असे की, टाकाऊ काडीला मोल आले म्हणजे ती उघड्यावर जाळणे शेतकऱ्यालाच तोट्याचे वाटू लागते.

ज्या महसूल खात्याच्या सातबाऱ्यावर गुंठ्यागुंठ्याचे पीक लिहिले जाते, त्याने २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे ती नोंद शेतकऱ्याच्याच हाती दिली आहे. तीत पिकाच्या अवशेषांचे काय होणार, एवढा एकच रकाना वाढविला, तर कोणत्या गावी किती पऱ्हाटी साठणार आणि कुट्टीयंत्र कोठे धाडावे, हे तहसील कचेरीस हंगामापूर्वीच कळेल. आणि नोटीस बजावण्याआधी यंत्र पोहोचविणे हे सरकारचे पहिले कर्तव्य ठरेल.