शेळ्यांचे कुंपण : तार घेताना आणि घेतल्यावर

शेळी ही गरिबाची गाय, असे आपल्याकडे म्हणतात. ज्या घरात गुंठाभरही जमीन नाही, तिथेही दोन-चार शेळ्या असतात. मुलांची वह्या-पुस्तके, औषधपाणी, अडीनडीचा खर्च त्यांच्यावर निघतो. परंतु शेळी सुटून कुणाच्या पिकात शिरली की सारा हिशेब बिघडतो. शेतकरी ती कोंडवाड्यात घालतो, दंड भरावा लागतो. आणि बोलाचाल वाढली की गोष्ट शेळीवर न राहता जातीवर येते. अशा क्षुल्लक कारणावरून वस्तीवर तंटे झालेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून आमचे म्हणणे असे की, चांगले कुंपण ही चैन नव्हे. मात्र पैसा जपून आणि एकदाच घालावा.

काटेरी तार नको

स्वस्त म्हणून पुष्कळजण काटेरी तार घेतात. ही तार अमेरिकेत मोठ्या गुरांसाठी पुढे आली. जोसेफ ग्लिडन यांना तिचे पेटंट 1874 साली मिळाले. गाय-बैल काटा टोचला की मागे सरतात. शेळी मात्र दोन तारांमधून अंग काढते. त्यात कास फाटते, कातडी सोलते आणि जखमेतून धनुर्वात होण्याचा धोका असतो. पिलू तर खालूनच निसटते.

शेळ्यांसाठी विणलेली जाळी, म्हणजे चेनलिंक, चांगली. भोके 2 ते 3 इंचांचीच असावीत. मोठ्या भोकातून डोके आत जाते, पण शिंगे अडकून बाहेर निघत नाही आणि जनावर धडपडून मरते. उंची 4 फुटांपेक्षा कमी नसावी. बोकड उड्या मारणारा असेल तर 5 फूट घ्यावी.

दुकानात काय पाहावे?

तारेच्या गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हे विसरू नये. 10 गेजची तार सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाड असते, 12 गेजची अडीचहून थोडी जास्त आणि 14 गेजची दोन मिलिमीटर. शेळ्या जाळीवर पुढचे पाय टेकवून उभ्या राहतात, अंग घासतात. म्हणून 14 गेजची जाळी लवकर वाकते. 12 गेजची बरी. जाळी पुष्कळदा वजनावर विकतात, तेव्हा बंडल आपल्या डोळ्यांदेखत तोलून घ्यावे आणि पावती मागावी.

तार जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे जी. आय. असावी. जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. साधी काळी तार पावसाळ्यात गंजू लागते. किंमत दोन्हींची विचारावी, पण ती जितकी वर्षे टिकेल त्या वर्षांनी भागून पाहावी. समजा, एक जाळी 3,000 रुपयांची आणि 3 वर्षे टिकणारी. दुसरी 5,000 ची आणि 10 वर्षे टिकणारी. पहिलीचा वर्षाचा खर्च 1,000, दुसरीचा 500. मग स्वस्त कोणती?

जागेच्या आकारानेही पैसे वाचतात. 40 फूट लांब, 10 फूट रुंद जागेला 100 फूट जाळी लागते. तेवढीच 400 चौरस फूट जागा 20 बाय 20 अशी आखली तर 80 फुटांत काम होते.

खांब आणि जमीन

कुंपण पडते ते बहुधा कोपऱ्यातून. कोपऱ्याचे खांब 2 फूट खोल पुरून त्यांना तिरका टेकू द्यावा. मधले खांब 8 ते 10 फुटांवर पुरेत. लाकडी डांब असेल तर जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावावे. जाळीची खालची कड थोडी पुरली तर कुत्री उकरून आत येत नाहीत. जागा आपल्या नावावर नसेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी आणि उपटून नेता येतील असेच खांब लावावेत.

दर महिन्याची फेरी

महिन्यातून एकदा, आणि वादळ-पावसानंतर लगेच, कुंपणाला हाताने चाचपत फेरी मारावी. सैल झालेली जाळी ताणून बाइंडिंग तारेने बांधावी. शेण-मुताने खालची कड आधी गंजते, तेव्हा तिथे माती-पाला साचू देऊ नये. तुटलेल्या तारेचे तुकडे ताबडतोब वेचावेत. गाय-म्हशीने चाऱ्यातून तुकडा गिळला तर तो पोटातून थेट हृदयापर्यंत टोचू शकतो. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवले की बारीक तुकडेही सापडतात. हे काम मुले आनंदाने करतात.

वीज सोडू नका

कुंपणात घरची वीज सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्यात जनावरेच काय, माणसे आणि मुलेही मेली आहेत, आणि सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. झटका मशीन वेगळे. ते क्षणभराचा झटका थांबून थांबून देते. परंतु घराजवळच्या लहान वाड्याला त्याचीही गरज नाही.

जुन्नर, नाशिककडे जिथे बिबट्या फिरतो तिथे तारेचे कुंपण रात्री पुरत नाही. तो सहज उडी मारतो. दिवेलागणीला शेळ्या वरूनही बंद असलेल्या गोठ्यात घ्याव्यात.

शेळ्या बहुतेक घरांत माता-भगिनीच सांभाळतात. म्हणून तार घ्यायला जाताना त्यांना दुकानी बरोबर न्यावे. कुठली शेळी उडी मारते, कुठली खालून शिरते, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.