एकदाच दबणारा वायसर

फरशीवर पहिल्या दिवशी डाग दिसला तो रुपयाएवढा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरीएवढा झाला. जागा सिडकोतलं आमचं पार्किंग, आणि फरशी घरमालकीण काकूंनी दिवाळीत नवी बसवलेली. दोनच दिवसांपूर्वी मी त्याच जागी गाडीखाली आडवं होऊन गिअरबॉक्सचं ऑइल स्वतः बदललं होतं आणि त्याबद्दल घरात बरंच बोलूनही झालं होतं. ओळखीच्या मिस्त्रींना फोन लावला. आमच्या शहराच्या दखनीत त्यांनी एकच विचारलं, ‘‘वायसर नवा डाले थे क्या?’’

नव्हता टाकला. जुना चांगला दिसत होता, म्हणून पुसून परत लावला होता.

हे शहर गिअरबॉक्सला नवखं नाही. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. ॲल्युमिनियम डायकास्टिंगपासून सुरुवात करणारी एन्ड्युरन्सही त्याच वर्षीची, इथलीच. 2001 पासून शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस चहाच्या टपरीवर मायक्रॉनमध्ये बोलतो, असं हे गाव. आणि तरी आपल्याच गाडीच्या गिअरबॉक्समध्ये शेवटचं ऑइल कधी पडलं, असं विचारलं तर दहातले आठजण इंजिन ऑइलची तारीख सांगतात.

दोन्ही ऑइलं वेगळी, हे आधी स्पष्ट करू. मोटरसायकलमध्ये बहुतेक वेळा इंजिन आणि गिअर एकाच ऑइलात चालतात, त्यामुळे हा गोंधळ होतो. जुन्या चेतकवाल्यांना मात्र फरक ठाऊक असेल. पेट्रोलमध्ये मिसळायचं ते एक आणि गिअरबॉक्सचं दुसरं. कारमध्येही तसंच. गिअर ऑइलाजवळ इंधन जळत नाही, म्हणून ते इंजिन ऑइलासारखं काळं पडत नाही आणि जास्त टिकतं. पण दातांमध्ये रगडून त्याचा दाटपणा कमी होतो आणि पितळेचा, पोलादाचा बारीक चुरा त्यात साचत जातो. ‘आयुष्यभराचं ऑइल’ हे शब्द ऐकले की आयुष्य कुणाचं, ते विचारावं. बऱ्याच गाड्यांना 40 ते 80 हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदललेलं बरं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

खरी मेख ऑइल निवडण्यात आहे. जुन्या एसटीचे ड्रायव्हर गिअर टाकताना दोनदा क्लच दाबायचे, ते आठवतंय? दोन फिरत्या चाकांचा वेग जुळवायला ती कसरत असायची. आपल्या गाडीत हे काम सिंक्रोनायझरची पितळी कडी करते. गिअरच्या निमुळत्या भागावर ती क्षणभर घासते, वेग सारखा करते आणि मग दात अडकतात. म्हणजे तिला थोडं घर्षण हवंच असतं. आता दुकानात डब्यांवर जीएल-4 आणि जीएल-5 असे शिक्के दिसतात. पाच हे चारपेक्षा मोठं, म्हणून चांगलं, असं समजून लोक जीएल-5 उचलतात. त्यात गंधक आणि फॉस्फरसची मात्रा बरीच जास्त असते; ट्रकच्या, जीपच्या मागच्या डिफरन्शिअलला ती लागते. पितळी कडीला मात्र तो बुळबुळीतपणा सोसत नाही, आणि काही रसायनं गरम झाल्यावर पितळ खातातही. पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल तर दुकानदार काहीही म्हणो, जीएल-4च घ्यायचं. 75डब्ल्यू-80 की 75डब्ल्यू-90, तेही पुस्तकातलंच. कन्नडचा औट्रम घाट दुसऱ्या गिअरवर उतरताना किंवा मे महिन्यातल्या जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे ऑइल चांगलंच तापतं. तिथे अंदाज चालत नाही.

काम सुरू करण्याआधीचा नियम एकच, पण तो चुकला तर गाडी टो करून न्यावी लागते. आधी वरचा, भरायचा प्लग सैल करून बघायचा. खालचा प्लग उघडून ऑइल सगळं सांडून झालं आणि मग वरचा जाम निघाला, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सनिशी जागच्या जागी. दुसरं, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली पक्क्या घोड्या हव्यात, जमीन टणक हवी, आणि गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. पुढून उचललेल्या गाडीत ऑइलाची पातळी खोटी दिसते. हे जमणार नसेल तर गॅरेज बरं. आधी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणलं की कोमट ऑइल पटकन वाहतं.

खालच्या प्लगच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा राखाडी लेप दिसला तर घाबरू नका, ती झीज नेहमीची. नखाएवढा तुकडा, दाताचा कोपरा वगैरे दिसला तर ऑइल बदलून भागणार नाही.

आता वायसर. प्लगचे आटे गळती रोखतात असं वाटतं, पण आटे फक्त प्लगला धरून ठेवतात. प्लगच्या डोक्याची आणि गिअरबॉक्सच्या कवचाची बाजू कितीही गुळगुळीत दिसली तरी त्यावर हत्याराच्या बारीक रेघा असतात. मधला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा मऊ वायसर दाबाखाली त्या रेघांमध्ये शिरतो आणि वाट बंद करतो. तो दबण्यासाठीच असतो. पण धातू एकदा दबला की कडक होतो. दुसऱ्यांदा तो नव्या जागी तसा शिरत नाही. रेघा जुळत नाहीत, आणि थेंब बाहेर येतो.

यात नवीन काही नाही, असं आपला कुठलाही तांबट सांगेल. पुण्याच्या तांबट आळीत भांडं मठारताना तांबं कडक झालं की ते लालसर होईपर्यंत तापवतात आणि मग ते पुन्हा मऊ पडतं. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांब्याचं उलटं. म्हणून जुने मिस्त्री तांब्याच्या सपाट वायसरला ताव देऊन पुन्हा वापरायचे, आणि ते बरोबरच होतं. ॲल्युमिनियमला हा उपाय घरी करू नये, ते लाल व्हायच्या आधीच वितळतं. दुमडून केलेले पोकळ वायसर तर एकदा चपटे झाले की संपले. नवा वायसर चहा-बिस्किटाच्या पैशांत मिळतो. दोन्ही प्लगचे घ्या, मापं वेगळी असू शकतात. आणि जुना वायसर कवचाला चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहा. एकावर एक दोन बसले तर गळती ठरलेली.

मी मिस्त्रींचा फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय केलं? जुन्याच वायसरवर प्लग आणखी आवळायला गेलो. सुदैवाने पाना सटकला. कवच ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा; हट्ट केला तर आटे कवचाचे जातात, आणि मग खर्च वायसरचा राहत नाही. होंडाच्या अनेक मॅन्युअल गिअरबॉक्सना खालच्या प्लगला 39 न्यूटन मीटर आणि वरच्याला 44 सांगितले आहेत. म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण 13 ते 15 किलोचा जोर. पाय देऊन आवळण्यापेक्षा हे कितीतरी कमी आहे. टॉर्क पाना उसना मिळत असेल तर घ्या. वाळूजच्या गावात तो मिळणं अवघड नाही.

भरताना नरसाळ्याला लांब नळी लावून वरच्या भोकातून सावकाश ओतायचं. पातळी बाजूच्या भोकावर बघायची असेल तर ऑइल तिथून बाहेर यायला लागलं की थांबायचं आणि धार थेंबावर आली की प्लग लावायचा.

उरलेलं जुनं ऑइल गटारीत नको. आपल्या नाल्यांचं पाणी खामला जातं, खाम गोदावरीला, आणि आपण पाणी पितो तेही गोदावरीवरच्या जायकवाडीचंच. वापरलेलं ऑइल 2016च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपण इतकंच करायचं, की ते झाकणाच्या डब्यात भरून पिंप ठेवणाऱ्या गॅरेजला नेऊन द्यायचं. मी दिलं. मिस्त्रींनी डबा घेतला, माझ्याकडे बघून हसले आणि खिशातून दोन वायसर काढून दिले.

ते बसवून रात्री गाडीखाली रविवारची पुरवणी पसरली. सकाळी कागद कोरडा होता. जुना डाग मात्र फरशीत मुरलाय. रॉकेल झालं, भुसा झाला, भांड्याची पावडर झाली. काकू रोज जिन्यातून उतरताना त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.