दोन खारी आणि करुणेची कसोटी

सन १८७६ मध्ये इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, हेन्बरी पार्क येथे, एका धनिकाने उत्तर अमेरिकेतून आणलेल्या राखाडी खारी मोकळ्या सोडल्या. उद्यानाची शोभा वाढावी, एवढाच त्यामागील हेतू. पुढे इतर जमीनदारांनीही हे अनुकरण केले. आज ब्रिटनमध्ये राखाडी खारींची संख्या सुमारे २७ लाख मानली जाते, तर तेथील मूळच्या तांबड्या खारी तीन लाखांहूनही कमी उरल्या असून त्यांतील बहुसंख्य स्कॉटलंडमध्ये आहेत.

राखाडी खार तांबडीवर क्वचितच हल्ला करते. ती वजनाने जवळजवळ दुप्पट असते. ओकची कच्ची फळेही तिला पचतात, त्यामुळे तांबडीच्या वाट्याचे अन्न आधीच संपते. शिवाय तिच्या अंगी देवीसदृश रोगाचे विषाणू असतात. तिला स्वतःला त्यांची बाधा सहसा होत नाही; तांबडी खार मात्र बहुधा दोन आठवड्यांतच दगावते.

वेल्समधील अँगलसी बेटावर तांबड्या खारी अवघ्या चाळीसच्या आसपास उरल्या, तेव्हा १९९८ मध्ये राखाडी खारी पकडून मारण्याची मोहीम सुरू झाली. २०१३ पर्यंत बेट राखाडी खारींपासून मुक्त झाले आणि तांबड्यांची संख्या पुढे कित्येक शतांवर गेली. एका जीवाचे रक्षण झाले, पण हजारो जीवांच्या प्राणांचे मोल देऊन.

इटलीत याच्या उलट घडले. तुरीन शहराजवळ १९४८ मध्ये केवळ दोन जोड्या सोडण्यात आल्या होत्या. १९९७ मध्ये त्यांच्या निर्मूलनाचा प्रयोग आरंभला असता प्राणिमित्र संघटना न्यायालयात गेल्या आणि काम थांबले. संबंधित अधिकारी पुढे निर्दोष ठरले. परंतु तोवर खारी इतक्या पसरल्या होत्या की निर्मूलनाची संधी हातची गेली होती. त्या वेळी वाचलेल्या जीवांची किंमत पुढे तांबड्या खारींनी मोजली.

मारणे आणि हातावर हात ठेवून बसणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे काय? ब्रिटनमधील शासकीय शास्त्रज्ञ हेझलनटच्या लगद्यातून संततिप्रतिबंधक औषध देण्यावर संशोधन करीत आहेत. त्यासाठीच्या पेटीचे दार जड राखाडी खारीलाच उघडता येते. हलक्या तांबडीला नाही. आयर्लंडमध्ये पाइन मार्टेन हा मांजराएवढा वृक्षचर शिकारी प्राणी पुन्हा वाढला, तेथे राखाडी खारी घटल्या आणि तांबड्या परतल्या.

संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा त्याज्य आहे. म्हणूनच या प्रकरणातील खरा बोध शेवटाकडे नसून आरंभाकडे आहे. १८७६ सालच्या त्या कृतीत द्वेष नव्हता, होता तो केवळ प्रमाद. आपल्याकडेही पर्वकाळी पिंजऱ्यातील पक्षी, बाजारातील कासवे वा मासे विकत घेऊन अभयदानाच्या भावनेने सोडले जातात. तो जीव या भूमीचा आहे काय, येथे तो जगेल काय, त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाचा घास तर हिरावला जाणार नाही ना, हे विचारण्यास क्षणभरच लागतो. त्या क्षणाचे नाव यत्नाचार. तो चुकला, तर दीडशे वर्षांनंतर कुणाच्या तरी हाती पिंजरा आणि बंदूक येते.