रुग्णासह संशोधन : एक सामुदायिक वाट

आरोग्याची चर्चा निघाली की आपण बहुधा डॉक्टर, औषधे आणि इस्पितळ यांविषयीच बोलतो. ज्याच्यासाठी हे सारे आहे तो माणूस मात्र केसपेपरवरचा एक क्रमांक होऊन राहतो. आजाराबरोबर त्या माणसाचे काम, घर, भाषा, भीती आणि इच्छा यांचा विचार करून उपचार ठरविणे म्हणजे व्यक्तिकेंद्री आरोग्यसेवा होय. अशा सेवेचा अभ्यास एकट्या डॉक्टरला जमणारा नाही. त्यासाठी डॉक्टर, परिचारिका, आशाताई, विद्यार्थी आणि स्वतः रुग्ण यांनी एकत्र आले पाहिजे.

हे कसे घडते याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथे आदिवासींना विचारून दवाखाना त्यांच्या घरांसारखा बांधला गेला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. पण त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्यात आली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. अल्पशिक्षित स्त्रियाही संशोधनात बरोबरीने उभ्या राहू शकतात, हे यातून सिद्ध झाले.

आपल्या भागालाही असा अनुभव अगदीच नवा नाही. २००७ मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याचा उपक्रम राज्यातील ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत ठाणे जिल्हा होता. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो. गावकरी सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडत.

आज बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगार आहेत, किनाऱ्यावर मच्छीमार आहेत, पूर्वेकडच्या पाड्यांवर वारली बांधव आहेत. रात्रपाळीच्या कामगाराला "गोळी सकाळ-संध्याकाळ घ्या" असे सांगितले, तर त्याची सकाळ कोणती समजायची? पाड्यावरच्या बाईला दवाखान्यात थांबायला सांगितले आणि शेवटची बस निघून गेली, तर तिने काय करावे? नोंदवहीत मात्र "रुग्णाने उपचार सोडला" एवढेच लिहिले जाते. उपचाराने रुग्णाला सोडले काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्या अभ्यासाची सुरुवात येथूनच व्हावी असे आम्हांस वाटते.

अशा अभ्यासगटासाठी चार गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, प्रश्न लहान असावा व तो रुग्णांकडूनच यावा. दुसरी, बैठकीची वेळ कामगाराच्या पाळीला व पाड्यावरच्या बसला जुळणारी असावी. नाहीतर रुग्ण हा नावापुरताच सभासद राहील. तिसरी, प्रत्येकाची संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत आणि काम सुरू करण्यापूर्वी एखाद्या वैद्यकीय संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळवावी. चौथी, निष्कर्ष चांगला असो वा वाईट, तो प्रथम त्याच वस्तीत, तेथल्या लोकांच्या भाषेत सांगावा.

आपल्या सभासदांत कारखान्यात काम करणारे आहेत, आरोग्यसेवेत असणाऱ्या भगिनी आहेत, शिकणारी मुलेमुली आहेत. विद्यार्थ्यांनी लिहून घेण्याचे काम करावे, ज्येष्ठांनी ओळखी करून द्याव्यात आणि डॉक्टरांनी काही वेळ केवळ ऐकून घ्यावे. यास मोठा निधी लागत नाही. महिन्यातून एक बैठक आणि एक वही एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. माहिती गोळा करून निघून जाणारे पुष्कळ येतात. जी माणसे येथेच राहतात त्यांनीच हे काम हाती घेतले, तर ते टिकेल.