परिचर्येच्या पदवीचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला की आपल्या अनेक घरांत परिचारिका होण्याचा विषय निघतो. आई किंवा मावशी याच पेशात असते, त्यामुळे मुलीच्या मनाची तयारी असते. प्रश्न पडतो तो वडिलांना: 'फादर, एवढे पैसे घालायचे, ते परत येतील ना?' परिचर्येला सेवा मानण्याची आपली परंपरा जुनी आहे. तथापि कर्ज काढण्यापूर्वी हिशेब मांडल्याने सेवाभावाला उणेपणा येत नाही. म्हणून हा प्रश्न आम्ही येथे रुपयांतच मांडत आहोत.

प्रथम मार्ग पाहू. जी.एन.एम. ही पदविका ३ वर्षांची, तर बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची. दोहोंनंतर राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि खाटेपाशी काम बहुतांशी सारखेच असते. फरक पुढे जाणवतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीस पदवीधर लगेच बसू शकते. पदविकाधारकेस किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील २ वर्षांचा अनुभव लागतो. मात्र पदविकाधारक एक वर्ष आधी कमावू लागते आणि नंतर २ वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेऊ शकते. ज्या घरात धाकटी भावंडे शिकत आहेत, तेथे हा मार्ग कमी प्रतीचा मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता खर्च. खरा फरक पडतो तो जागा कोणत्या मार्गाने मिळाली यावर. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षामार्फत सामाईक प्रवेश परीक्षा होते. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये वा त्याहून कमी असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेणारे कुटुंब ही सवलत दारातच सोडून येते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील परिचर्या शाखेत तर मुलींचे शिक्षण, निवास व भोजन सरकारी खर्चाने होते आणि नंतर सैन्यदलात अधिकारीपद मिळते. बदल्यात सेवेचा करार करावा लागतो.

खासगी जागा घ्यावीच लागली तर काय होते? समजा, वर्षाला सव्वा लाखप्रमाणे ४ वर्षांत ५ लाखांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने घेतले. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. सरळ व्याज धरले तरी तोवर १ लाख ७५ हजार रुपये वाढलेले असतात. ६ लाख ७५ हजारांची १० वर्षांत फेड करायची तर महिना सुमारे ८,९२० रुपये, म्हणजे एकूण सुमारे १० लाख ७० हजार! शिक्षण चालू असतानाच घरच्यांनी व्याज भरत राहिल्यास हाच हप्ता ६,६००च्या आसपास राहतो. शक्य असेल त्यांनी हे अवश्य करावे.

हा हप्ता कोणत्या पगारातून जाणार? राज्य सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून, एम्समध्ये ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. तेथे हा हप्ता मूळ वेतनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. खासगी रुग्णालयांची गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने २००हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारीइतके वेतन द्यावे आणि ५०हून कमी खाटांच्या रुग्णालयांनीही महिना २०,०००हून कमी देऊ नये, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे; प्रत्यक्षात त्याहून कमी वेतनावर राबणाऱ्या परिचारिका आहेत. आणि २०,००० मिळाले तरी वरील हप्ता त्यातील ४५ टक्के गिळतो. मग वसतिगृहाचे भाडे आणि रेल्वेचा पास कशातून भरायचा?

येथे बहुतेक पालक परदेशाचा आधार घेतात. तो खोटा नाही, पण उशिरा येणारा आहे. आखातात सहसा २ वर्षांचा अनुभव मागतात. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यास जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते. अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही भारतीयांना ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबावे लागते. ब्रिटनने तर २०२४पासून बाहेरून परिचारिका घेण्यात हात आखडता घेतला आहे. हप्ता या कोणासाठीही थांबत नाही. म्हणून कर्जाचा आकडा ठरवताना आपल्या तालुक्यातील रुग्णालय नव्या परिचारिकेस आज काय देते, हे आधी विचारून यावे आणि हप्ता त्याच्या चौथ्या हिश्शात बसतो का, ते पाहावे. बसत नसेल, तर पुन्हा सीईटी देणे किंवा पदविका घेणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रवेशासाठी दलालामार्फत परराज्यात जाणाऱ्यांनी त्या महाविद्यालयाची मान्यता तेथील परिचर्या परिषदेकडे व विद्यापीठाकडे स्वतः तपासावी. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवून घेऊ देऊ नयेत. परदेशी नोकरीसाठी परवानाधारक भरती एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. त्याची पावती मागावी आणि परवाना ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळून पाहावा.