हाडावरची गाठ : साधी कोणती, घातक कोणती?

हाडावर गाठ दिसली की आपल्याकडे दोन टोके गाठली जातात. काही घरांत त्याच दिवशी रडारड सुरू होते, तर काही घरांत 'मुका मार असेल' म्हणून दोन-तीन महिने तेल चोळण्यात जातात. वस्तुस्थिती अशी की हाडाच्या बहुतेक गाठी साध्या असतात. ज्या थोड्या घातक असतात, त्या मात्र बहुधा दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत येतात आणि झपाट्याने वाढतात.

हाडातच सुरू होणारा कर्करोग तसा विरळा. आपल्या परंडा व भूम तालुक्यांतील गावे आणि शेजारचा बार्शी तालुका यांतील कर्करोगाची नोंद बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमार्फत १९८७ पासून ठेवली गेली. देशातील ही पहिली ग्रामीण नोंदणी. तिच्यात गर्भाशयमुख, स्तन, तोंड, अन्ननलिका हेच कर्करोग पुढे दिसतात, हाडाचे अगदी थोडे. विरळा म्हणूनच तो पालकांच्या लवकर मनात येत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांच्याही. चाळिशीनंतर हाडात दोष दिसला तर तो बहुधा स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस अशा दुसऱ्या अवयवातून पसरून आलेला असतो किंवा मायलोमा नावाचा मज्जेचा आजार असतो. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

गाठ ओळखताना डॉक्टर चार गोष्टी पाहतात : वय किती, हाड कोणते, हाडाचा भाग कोणता आणि एक्स-रे फोटोत गाठीची कड कशी. यातली कड फार बोलकी असते. साधी गाठ सावकाश वाढते, त्यामुळे भोवतालच्या हाडाला शेताला घालावा तसा बांध घालायला सवड मिळते. फोटोत तो पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. घातक गाठीला बांध नसतो. मोठ्या पावसात ताल फुटल्यावर पाणी कुठून कुठवर पसरले ते सांगता येत नाही, तसे ते दिसते. हाडाच्या बाहेरच्या बाजूला सूर्यकिरणांसारख्या रेषा किंवा कांद्यासारखे पापुद्रे दिसले तर आम्ही सावध होतो.

साध्या गाठींत सर्वांत जास्त आढळते ती ऑस्टिओकाँड्रोमा. गुडघ्याजवळ हाडाला कोंब फुटावा तशी ती वाढते आणि मुलाची उंची वाढायची थांबली की तीही थांबते. त्रास नसेल तर तिला हात लावू नये. उंची थांबल्यावरही ती वाढू लागली तर मात्र दाखवावे. बोटांच्या हाडांत एन्काँड्रोमा होतो. कित्येकदा बोट मोडल्यावर काढलेल्या फोटोतच तो कळतो. मुलांच्या दंडाच्या हाडात पाण्याची पोकळी होते. सायकलवरून हलकेच पडून हात मोडलेल्या एका मुलाच्या फोटोत अशी पोकळी दिसली, तेव्हा त्याचे वडील दवाखान्याच्या पायरीवर डोके धरून बसले होते. तो कर्करोग नाही हे पटवायला मला अर्धा तास लागला.

जायंट सेल ट्यूमर हा मात्र या विभागणीत नीट बसत नाही. वीस ते चाळीस वयात, गुडघ्याजवळ किंवा मनगटाजवळ, हाडाच्या टोकाला तो होतो. गणला जातो साधा, पण हाड पोखरून सांध्यापर्यंत पोचतो आणि काढल्यावर पुन्हा उद्भवू शकतो. 'साधी आहे' एवढे ऐकून घरी बसू नये, ते यासाठी.

आता घातक गाठी. ऑस्टिओसार्कोमा मुख्यतः गुडघ्याच्या वर किंवा खाली होतो, त्यानंतर खांद्याजवळ. इविंग सार्कोमा लांब हाडांच्या मधल्या भागात किंवा कमरेच्या हाडात होतो. त्यात ताप येतो, जागा गरम लागते, म्हणून तो पू झाल्यासारखा वाटतो आणि गळू समजून चिरला जाण्याचा धोका असतो.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचे नाव अनेकांनी ऐकले असेल. नोव्हेंबर १९७६ मध्ये मोटार अपघातात त्याचा उजवा गुडघा दुखावला. पुढे दुखणे परतले, पण बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने ते अंगावर काढले. मार्च १९७७ मध्ये ऑस्टिओसार्कोमाचे निदान झाले आणि अठराव्या वर्षी पाय काढावा लागला. कृत्रिम पायाने तो १९८० मध्ये १४३ दिवस धावला. फुफ्फुसात रोग पसरल्याने थांबला आणि जून १९८१ मध्ये वारला. गाठ अपघातामुळे झालेली नाही, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. आपल्याकडेही प्रत्येक आई 'कबड्डीत पडला होता' असे सांगते. मार लागल्याने कर्करोग होत नाही. मारामुळे आधीच असलेल्या गाठीकडे लक्ष जाते, इतकेच.

मुलांचे 'वाढीचे दुखणे' वेगळे. ते दोन्ही पायांत असते, संध्याकाळी-रात्री येते, सकाळी मूल उड्या मारत असते. एकाच जागी दुखणे, रात्री झोपेतून उठवणारा ठणका, वाढत जाणारी सूज, लंगडणे, यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले तर एक्स-रे काढावा. तोवर मालिश, लेप, डाग, घट्ट पट्टी काहीही नको.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही समजूत अजून जात नाही. बायोप्सीशिवाय गाठीचे नाव नक्की होत नाही. मात्र सुई कुठून घालायची हे महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या शस्त्रक्रियेत तो मार्गही गाठीबरोबर काढावा लागतो. भलत्या जागी चीर घेतली तर वाचणारा पाय गमवावा लागू शकतो. म्हणून जिथे शस्त्रक्रिया होणार, त्याच ठिकाणी बायोप्सी करावी. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल हे त्यातले जाणते केंद्र.

पूर्वी पाय कापूनही बहुतेक रुग्ण दगावत, कारण रोगाचे कण आधीच फुफ्फुसात गेलेले असत. केमोथेरपी आल्यावर चित्र पालटले. रोग पसरण्याआधी आलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आज वाचतात, आणि बहुतेकांचा पाय न कापता आजारी हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि एक्स-रेची मूळ फिल्म बरोबर न्यावी, नुसता अहवाल पुरत नाही. जुने फोटोही टाकू नयेत, गाठ किती महिन्यांत किती वाढली हे त्यांवरूनच कळते.